वाटेवरचं विणकाम कुणाच्या हिशेबात?

आज विषय जरा वेगळा आहे. वाचायला लागल्यावर वाटेल, हा माणूस राजकारण सोडून लोकर-सुयांवर कुठे घसरला? पण शेवटपर्यंत वाचा. राजकारण आहेच त्यात.

प्रश्न साधा आहे. लांबच्या प्रवासाला निघताना सोबत कोणतं विणकाम घ्यावं?

ज्यांच्या घरात विणणारं कुणी आहे त्यांना उत्तर माहीत असेल. अर्धवट झालेला स्वेटर कुणी नेत नाही. तो मांडीवर पसरतो, मे महिन्यात घाम काढतो आणि शेजारच्याला कोपर लागतं. चार रंगांची नक्षी नेत नाहीत, कारण गाडी हलली की गुंडे एकमेकांत अडकतात. जाळीची नक्षी नेत नाहीत, कारण तिथे टाके मोजावे लागतात आणि मोजता मोजता स्टेशन येतं. न्यायचं ते लहान, एका रंगाचं, पिशवीच्या कोपऱ्यात मावणारं आणि न बघता हाताला येणारं. बाळाचं टोपडं, मफलर, आणि सगळ्यात सोयीचे म्हणजे पायमोजे. मोठ्या माणसाच्या मोज्यांच्या जोडीला साधारण १०० ग्रॅम लोकर पुरते. मोजा गोल विणला जातो, त्यामुळे उलट बाजू येतच नाही, सगळे टाके सुलट. डोकं चालवायचं ते फक्त टाचेपाशी. बाकी वेळ बोटं आपली चालत राहतात आणि डोळे खिडकीबाहेर.

आज हा छंदाचा सल्ला आहे. पण "प्रवासात मोजा न्यावा" हे शहाणपण छंदातून आलेलं नाही. ते पोटातून आलंय. त्यामागे तीनचारशे वर्षांची मजुरी आहे आणि त्या मजुरीचा हिशेब नीट कधी झालाच नाही.

आधी एक तांत्रिक गोष्ट. मराठीत विणकाम म्हटलं की मागावरचंही आलं आणि सुयांवरचंही आलं. पण या दोहोंत एक मोठा फरक आहे. हातमाग जमिनीला बांधलेला असतो. विणकराला मागापाशी जावं लागतं. सुयांचं काम माणसाबरोबर चालतं. युरोपात जिथे जमीन नापीक, थंडी कडक आणि शेती अपुरी होती, तिथे या एका गुणामुळे सुयांचं विणकाम गरिबाचं जोडकाम झालं. पाय रस्त्यावर, पाठीवर ओझं, मग रिकामं काय राहिलं? हात. त्यांनाही कामाला लावलं.

स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात शेटलंड नावाची बेटं आहेत. तिथे जळणाला झाडं नाहीत. दलदलीतून मातीसारखे दिसणारे पीटचे तुकडे कापायचे, वाळवायचे आणि पाठीवरच्या टोपलीत भरून घरी आणायचे. हे काम बायकांचं. १९व्या शतकाच्या अखेरीस आणि २०व्या शतकाच्या सुरुवातीला काढलेले त्यांचे फोटो आजही बघायला मिळतात. टोपलीच्या ओझ्यानं बाई पुढे वाकलेली आणि दोन्ही हात विणण्यात. हा फोटोसाठी आणलेला आव नव्हता, ती रोजची चाल होती. त्यासाठी खास साधनही होतं. कमरेला चामड्याचा पट्टा, त्यावर घोड्याचे केस भरलेली भोकाभोकांची गादी. उजव्या हातातल्या सुईचं मागचं टोक त्या भोकात रोवायचं. सुई स्थिर राहते, हातावर तिचा भार येत नाही, बोटं फक्त धागा फिरवतात. चालता चालता विणता यावं आणि वेगानं विणता यावं म्हणून हा पट्टा.

इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातल्या डेंटच्या खोऱ्यात पट्ट्याऐवजी लाकडी म्यान कमरेला खोचत. लोकरीचा गुंडा अडकवायला आकडाही असे. तिथे पुरुष विणत, बायका विणत, पोरं विणत. संध्याकाळी सगळे एका घरी जमत, कारण एका चुलीवर आणि एका दिव्यावर अनेकांचं भागायचं. रॉबर्ट साउदी या इंग्रज कवीच्या 'द डॉक्टर' या ग्रंथात तिथल्या दोन बहिणींची हकिगत आली आहे. सात-आठ वर्षांची एक आणि तिच्याहून दोनेक वर्षांनी धाकटी दुसरी. विणकाम शिकायला म्हणून दोघींना घरापासून दूर डेंटला धाडलं होतं. सकाळपासून रात्रीपर्यंत विणणं आणि विणणं. शेवटी दोघी पळाल्या आणि थंडीवाऱ्यात डोंगर तुडवत घरी परतल्या. त्या हकिगतीमुळे डेंटच्या विणकऱ्यांना 'भयंकर विणणारे' हे नाव कायमचं चिकटलं. भयंकर म्हणजे सपाटून, झपाटल्यासारखे विणणारे. आज पर्यटकांना ते नाव गमतीनं सांगतात. पण पळालेल्या त्या दोन पोरींना त्यात कसली गंमत?

हे बायकांचंच काम होतं असंही नाही. फ्रान्सच्या नैऋत्येला लांद नावाचा सपाट, पाणथळ प्रदेश आहे. तिथले मेंढपाळ उंच लाकडी पायांवर चालत. चिखल लागू नये आणि लांबवरची मेंढरं दिसावीत म्हणून. जवळ एक लांब काठी. ती मागे टेकवली की बसायला तिसरा पाय तयार. आणि तसं अधांतरी टेकून हे बाप्ये दिवसभर मोजे विणत. १८५७ साली तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत कायदा झाला. दलदलीचा निचरा करून पाइनची जंगलं लावायची असं ठरलं. कुरणं गेली, मेंढरं गेली, उंच पाय गेले, आणि त्यांच्याबरोबर ते विणकामही. म्हणजे विणणं हे बाईच्या रक्तात वगैरे काही नसतं. ज्याचे हात मोकळे आणि खिसा रिकामा, तो विणतो.

आता सरकारांकडे येऊ. वाटेवरचं हे काम सरकारांना कधी दिसलं?

इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर १७व्या शतकाच्या सुरुवातीला मोजे विणण्याचा धंदा इतका फोफावला, की शेताला माणसं मिळेनात. मग १६०८ साली तिथल्या सभेनं फर्मान काढलं. सुगीच्या दिवसांत आणि खतासाठी समुद्रशेवाळ गोळा करण्याच्या हंगामात १५ वर्षांवरच्या कुणी मोजे विणायचे नाहीत. मोडलं तर तुरुंग, खायला भाकरी-पाणी आणि विणलेला माल जप्त. बघा, विणणाऱ्याला दाम किती मिळतो हे कुणी विचारलं नाही. त्याचे हात दुसरीकडे हवे झाले तेव्हा मात्र कायदा लगेच आला.

उलट उदाहरण शेटलंडचं. तिथे विणणाऱ्या बाईला व्यापारी रोख पैसे देत नसे. शाल दिली की बदल्यात चहा मिळे किंवा कापड. घरात पीठ नाही, पण हातात चहाची पुडी. मग ती पुडी घेऊन दारोदार जायचं आणि कुणी बदल्यात पीठ किंवा बटाटे देतं का बघायचं. याला तिकडे 'ट्रक' पद्धत म्हणत. त्या ट्रकचा आपल्या मालवाहू ट्रकशी संबंध नाही, अर्थ आहे वस्तूंची अदलाबदल. मजुरी वस्तूंत देण्यावर बंदी घालणारा कायदा ब्रिटनमध्ये १८३१ सालीच झाला होता. मग शेटलंडमध्ये हे कसं चालायचं? व्यापाऱ्यांकडे पळवाट होती. बाई स्वतःची लोकर आणते, स्वतःच्या घरी, स्वतःच्या वेळात विणते. मग ती मजूर कुठे? ती तर विक्रेती!

१८७२ साली सरकारी चौकशी आयोगापुढे या बायकांच्या साक्षी झाल्या. लर्विक गावात एकामागून एक बायका येऊन सांगून गेल्या, की रोख मागितले तर मिळत नाहीत आणि दुसरा व्यापारी गाठला तरी तोही तसाच. त्या अहवालात हे सगळं छापलेलं आहे. पुढे १८८७ च्या दुरुस्तीनं घरी बसून विणणाऱ्यांनाही कामगार मानून कायद्याचं छत्र दिलं. तरीही मालाच्या बदल्यात माल ही रीत पुढची कित्येक वर्षं रेंगाळत राहिली. अंगठीतून आरपार जाईल इतकी तलम शाल विणणारी बाई स्वतः उधारीतच राहिली.

गंमत अशी, की महायुद्ध आलं आणि हेच काम एका रात्रीत देशसेवा झालं. १९१४ साली इंग्लंडच्या राणी मेरीनं सैनिकांसाठी ३ लाख मोज्यांच्या जोड्यांचं आवाहन केलं. ट्राममध्ये, आगगाडीत, नाटकाच्या मध्यंतरात बायका खाकी मोजे विणू लागल्या. पहिल्या महायुद्धात खंदकांत पाय दिवसचे दिवस ओले राहून सडत, त्यामुळे कोरडा मोजा हा लष्करी सामानाचा भाग होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट विणकामाची पिशवी घेऊनच फिरत. तोवर गोल सुया बाजारात आल्या होत्या. दोन लहान सुया मधल्या लवचीक तारेनं जोडलेल्या. प्रवासाला याहून सोयीचं काही नाही. शेजाऱ्याला टोचत नाही आणि हातातून सुटली तर बाकाखाली गडगडत जात नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो. विणणाऱ्या बाईकडे कुणी लक्ष देत नाही, याचाही उपयोग झाला. १९४४ च्या मे महिन्यात फिलिस लातूर नावाची तरुणी ब्रिटनची हेर म्हणून नॉर्मंडीत हवाई छत्रीनं उतरली. साबण विकणारी पोर म्हणून ती सायकलवर गावोगाव फिरे. सांकेतिक खुणा रेशमी कापडावर लिहिलेल्या, ते कापड विणायच्या सुईभोवती गुंडाळलेलं आणि सुई केसांच्या फितीत लपवलेली. जर्मनांच्या नाकाखालून तिनं १३५ संदेश लंडनला पाठवले. २०२३ साली १०२ व्या वर्षी न्यूझीलंडमध्ये ती वारली. जिच्याकडे कुणी बघत नाही, ती बाई काय काय करू शकते! पण न दिसण्याची किंमत बाकीच्या लाखो जणींनी मोजली.

आता आपल्याकडे येऊ. हिमाचलात जाऊन आलेल्यांनी पाहिलं असेल. पाठीवर गवताचा भारा, हातात सुया, चढ चढताना मोजा वाढतोय. शेटलंडचाच फोटो, फक्त डोंगर वेगळा. आपल्या महाराष्ट्रात थंडी बेताची, त्यामुळे लोकरीचं विणकाम टोपडं-झबलं-स्वेटरपुरतं राहिलं. पण धाग्याचं असंच एक वाटेवरचं काम आपल्याकडे राजकारणाच्या मध्यभागी होतं. ते म्हणजे टकळी.

१९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं. गांधीजी अध्यक्ष असलेलं हे एकमेव अधिवेशन. तिथे ठरलं, की काँग्रेसचं सभासद व्हायचं तर चार आणे नकोत, दरमहा २००० वार सूत द्या. सतत दौऱ्यावर असणाऱ्या कार्यकर्त्यानं हे कसं करायचं? मोठा चरखा गाडीत नेता येत नाही. टकळी खिशात मावते. एक काडी, खाली चकती, हातात पेळू. डब्यात उभ्या उभ्याही सूत निघतं. पुढच्याच वर्षी सुताची सक्ती सैल झाली, कारण पुढाऱ्यांची बोटं थकली! पण प्रवासात नेता येईल असा चरखा हवा हा ध्यास सुटला नाही. १९२९ साली अखिल भारत चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस लावलं. आणि आपल्या पुण्याच्या येरवडा तुरुंगात गांधीजींनी पेटी चरख्यावर मेहनत घेतली. मिटवला की हातात धरून न्यायची पेटी, उघडला की चरखा. येरवडा चरखा हे नाव त्यावरूनच पडलं.

इथवर ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. पुढारी टकळी फिरवत होते ते व्रत म्हणून. पण खेड्यातली बाई सूत कातत होती ती पोटासाठी, आणि तिला मिळत होते दिवसाचे काही पैसे. खादी स्वस्त राहावी म्हणून कातणारीची मजुरी मारली जात होती. १९३५ साली गांधीजींनी स्वतःच्याच संस्थेला हा प्रश्न विचारला. त्याच सुमाराला वर्ध्याजवळ नालवाडीत विनोबांनी दिवसभर कातून, चालू दरानं जी मजुरी होईल तेवढ्यातच जेवायचं असा प्रयोग मांडला. खायला काय मिळतं ते स्वतःच्या पोटाला कळू दे, हा हिशेब. त्या वर्षी ऑक्टोबरात वर्ध्याला चरखा संघानं ठराव केला, की कातणाऱ्याला निदान पुरेसं अन्न आणि वस्त्र मिळेल एवढी मजुरी द्यावी. खादी महागली, विक्रीवाले कुरकुरले. पण "फावल्या वेळातलं काम आहे, जे मिळेल ते वरकड" हा युक्तिवाद निदान कागदावर तरी मोडला गेला.

ही सगळी कथा आज का सांगतोय?

१७ मार्च २०२३ पासून आपल्या राज्यात बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. बातमीच्या निमित्तानं मीही एसटीनंच फिरतो. दुपारच्या गाडीत सुया फारशा दिसत नाहीत. मेथी निवडणाऱ्या दिसतात, गजरे ओवणाऱ्या दिसतात. आणि मोबाईलवर मान खाली घालून झरझर काहीतरी भरणाऱ्या दिसतात. त्यातल्या सगळ्याच रील बघत नसतात. अंगणवाडी सेविका असते, मार्च २०२१ पासून आलेल्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये पोरांची हजेरी, वजन, उंची चढवत असते. अंगणवाडीत पोरं सांभाळायची की मोबाईल, म्हणून मोबाईल वाटेवर. रेंज गेली की थांबायचं, घाट उतरला की पुन्हा सुरू. शेजारी आशा ताई असते, तिच्या हातात तिची यादी. खिशात मावतं, मांडीवर मावतं, न थांबता करता येतं. वाटेवरच्या कामाचे सगळे गुण यात आहेत.

आणि जुनी पळवाटही आहे. सेविकेला वेतन नाही, मानधन आहे. ती कर्मचारी नाही, मानसेवी आहे. शेटलंडचा व्यापारी म्हणायचा ती मजूर नाही, विक्रेती आहे. शब्द फक्त बदलला. २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या निकालात सांगितलं, की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याखाली येतात, त्यांचं मानधन हे त्या कायद्यापुरतं वेतनच आहे. निकाल मोठा आहे. पण तो ग्रॅच्युइटीपुरता. एसटीतल्या त्या तासाभराचं काय, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच. प्रवासात कुणी हौसेनं मोजा विणत असेल तर त्याच्यासारखा आनंद नाही. बोटांना काम, डोक्याला विसावा आणि पोचल्यावर हातात काहीतरी तयार. पण हौस आणि राबणूक यांत फरक करायला एक प्रश्न पुरतो. आज हे काम घरी ठेवून आलं तर चालतं का? विणणारी आजी म्हणेल, हो, चालतं की. शेटलंडची बाई नाही म्हणाली असती. अंगणवाडी ताईला तुम्हीच विचारून बघा.

आणि ज्या कामाला ती "नाही" म्हणेल, ते रस्त्यात झालं, गाडीत झालं की घरच्या ओट्यावर, ते काम आहे. त्याचा दाम रोख आणि पूर्ण मिळायला हवा. शेटलंडच्या बायकांचं निदान सरकारी आयोगापुढे ऐकून घेतलं गेलं, त्यांच्या साक्षी छापल्या गेल्या. आपल्या तालुक्यात, आपल्या जिल्ह्यात या बायांचं म्हणणं असं कुणी नोंदवून घेतलं आहे का? पुढच्या ग्रामसभेत, आमदार गावात येतील तेव्हा, एवढा एक प्रश्न विचारा. आणि तुमच्या घरात, ओळखीत अशा ताई असतील तर वाटेत त्यांचा रोज किती वेळ कामात जातो ते त्यांना विचारून खाली लिहा. नाव टाकू नका, फक्त वेळ लिहा. एका ठिकाणी आकडे जमले तर निदान बोलायला काहीतरी हातात येईल.